दोन कवड्या कमी : लीलावतीतल्या दानाचा हिशोब (प्रकल्प नोंदी)

२४ नोव्हेंबर २०२५

गणित दिनासाठी (२२ डिसेंबर) नववीच्या गटाचा विषय ठरला: सतत दुप्पट होत जाणाऱ्या संख्या आणि त्यांची बेरीज. मुलांना बुद्धिबळाच्या पटावरचे गव्हाचे दाणे हवे होते. मी नको म्हटलं. ती गोष्ट येणाऱ्या प्रत्येक पालकाला शेवटासकट ठाऊक असते. शिवाय तिचं उत्तर १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५ हे. एवढ्या आकड्याचं शाळकरी मुलांनी करायचं काय? तोंड उघडं पडतं, हाती काही लागत नाही.

त्यापेक्षा आपल्या घरचं उदाहरण घेऊ. भास्कराचार्यांच्या लीलावती या गणिताच्या ग्रंथात (इ.स. ११५०) गुणोत्तर श्रेढीखाली हे गणित येतं: एका दात्याने याचकाला पहिल्या दिवशी दोन वराटक, म्हणजे कवड्या दिल्या आणि रोज आदल्या दिवसाच्या दुप्पट देण्याचा शब्द दिला. महिन्याभरात तो किती निष्क (त्या वेळचं मोठं नाणं) देईल? महिना ३० दिवसांचा.

चाळीसगावपासून पाटणं जवळ. तिथला शिलालेख शके ११२८ चा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, सिंघण यादवाच्या दरबारचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने मठ काढला, ही हकीकत त्यात कोरलेली आहे. आमच्या तालुक्यातल्या मुलांनी हे गणित करायचं नाही तर कुणी करायचं?

२६ नोव्हेंबर

आधी नाण्यांचं कोष्टक. लीलावतीच्या सुरुवातीलाच ते आहे, ‘वराटकानां दशकद्वयं यत् सा काकिणी’ इथपासून. २० वराटकांची १ काकिणी, ४ काकिणींचा १ पण, १६ पणांचा १ द्रम्म, १६ द्रम्मांचा १ निष्क. म्हणजे एका निष्कात २० × ४ × १६ × १६ = २०,४८० कवड्या.

मुलांना हे कोष्टक आवडलं नाही. दहा-दहाने का नाही, असा सूर. आमच्या आजीच्या वेळी रुपयाचे सोळा आणे होते, असं एकाने सांगितल्यावर गाडी पुढे सरकली.

२८ नोव्हेंबर

कवड्या कुठून आणणार? चिंचोके ठरले. घरोघरी चिंच फोडून झालेली असते, पोतंभर चिंचोके कुणाच्या तरी माळ्यावर असतातच. दोन दिवसांत साधारण साडेपाच किलो जमले. जुन्या फ्लेक्सची कोरी बाजू वर करून वर्गाच्या लांबीइतकी पट्टी अंथरली, तिच्यावर ३० खण आखले. पहिल्या खणात २, दुसऱ्यात ४, मग ८, १६, ३२...

मोजायला हजारापर्यंत जीव होता. दहाव्या खणात १,०२४ भरले आणि मोजणारे कंटाळले, तेव्हा प्रयोगशाळेतला तराजू मागवला. शंभरांच्या वेगवेगळ्या ढिगांचं सरासरी वजन ६२ ग्रॅम. पुढचे खण वजनाने भरले. बाराव्या खणापर्यंत एकूण ८,१९० चिंचोके गेले, पाच किलोंच्या थोडं वर. तेराव्या खणाला एकट्याला ८,१९२ हवेत! बारा दिवसांत जेवढा माल गेला, तेवढा आणि वर दोन, एका दिवसात. पिशवीत उरलेले मूठ-दोन मूठ तेराव्यात टाकून मुलं बाजूला झाली.

उरलेले सतरा खण रिकामेच ठेवायचे, असं मी सांगितलं. प्रदर्शनात तो रिकामा भाग भरलेल्यापेक्षा जास्त बोलेल. प्रत्येक रिकाम्या खणात वजनाची चिठ्ठी लावू. अखेरीस सगळे मिळून १,३३१ टन. दहा टनी ट्रक धरला तर १३३ ट्रक.

१ डिसेंबर

‘आतापर्यंतचं सगळं’ आणि ‘उद्याचं दान’ यांत नेहमी दोनाचाच फरक का, हा आजचा प्रश्न. २ + ४ + ८ = १४, पुढचा खण १६. २ + ४ + ८ + १६ = ३०, पुढचा ३२. फळ्यावर S आणि 2S मांडून वजाबाकी करून दाखवता येते, अकरावीला तसंच शिकवतात. पण ती करामत वाटते. का जमलं ते कळत नाही.

म्हणून पट्टीवरच करून पाहिलं. पहिले चार खण: २, ४, ८, १६. बाहेरून दोन चिंचोके उसने आणले आणि पहिल्या खणात टाकले. तिथे ४ झाले. दुसऱ्या खणातही ४ आहेत. पहिला खण उचलून दुसऱ्यात ओतला: ८. तिसऱ्यात ८ आहेतच. दुसरा तिसऱ्यात ओतला: १६. तिसरा चौथ्यात ओतला: ३२. म्हणजे सगळे ढीग एकत्र येऊन बरोबर पाचव्या दिवसाचं दान तयार झालं. आता उसने दोन परत करा. ३०.

ओतण्याच्या प्रत्येक पायरीला समोर जुळा ढीग तयारच बसलेला असतो. पहिल्या खणातल्या दोन उसन्यांनी फक्त सुरुवात करून दिली. हे सातव्या खणापर्यंत मुलींच्या गटाने स्वतः केलं, आणि मग कुणीही न विचारता एकीने सांगितलं, “सर, आता तीस दिवसांची बेरीज करायचीच नाही. एकतिसाव्या दिवसाचं काढायचं आणि दोन कमी करायचे.”

झालं. पुढचं सगळं त्या ३१ व्या घाताच्या मागे.

३ डिसेंबर

मराठीच्या मॅडम पट्टी पाहायला आल्या आणि म्हणाल्या, हे तर आमच्या गणांचं झालं. खरंच आहे. एक अक्षर: लघु किंवा गुरू, प्रकार २. दोन अक्षरं: ४. तीन अक्षरं: ८. तेच नमन, भास्कर, जनास, समरा, यमाचा, राधिका, ताराप, मानावा. मुलांना हे आठही तोंडपाठ, फक्त आठच का असतात याचा विचार कुणी केलेला नव्हता.

त्यावरून पिंगलाचं छंदःशास्त्र काढलं. भास्कराचार्यांच्या कितीतरी शतकं आधीचं. आठव्या अध्यायात एक सूत्र आहे: ‘द्विर्द्यूनं तदन्तानाम्’. एका अक्षरापासून अमुक अक्षरांपर्यंतच्या सगळ्या वृत्तांची एकूण संख्या हवी असेल तर शेवटच्या संख्येची दुप्पट करा, दोन कमी करा. तीन अक्षरांपर्यंत २ + ४ + ८. आठाची दुप्पट सोळा, दोन कमी, चौदा. आमच्या चिंचोक्यांचा नियम, अगदी त्या दोनासकट, तीन शब्दांत. हे सूत्र पट्टीच्या डोक्यावर मोठ्या अक्षरात लावायचं. मॅडमच लिहून देणार आहेत, त्यांचं अक्षर चांगलं.

५ डिसेंबर

आलेख. आलेखाच्या कागदावर १,०२४ चिंचोक्यांना १ मिलिमीटर धरला, म्हणजे दहाव्या दिवसाचा खांब १ मिमी उंच. पहिले नऊ दिवस दिसतच नाहीत. सतराव्या दिवशी १२८ मिमी, अठराव्या दिवशी २५६, कागद संपला. विसावा दिवस मीटरभर, भिंतीवर जाईल. तिसावा एक किलोमीटर अठ्ठेचाळीस मीटर.

दुसरा आलेख उभ्या अक्षावर १, १०, १००, १००० समान अंतरावर घेऊन. सरळ रेघ आली. याला दोन वाक्यांपेक्षा जास्त जागा प्रदर्शनात देणार नाही. लघुगणक मुलांनी अजून पाहिलेला नाही, आणि पालकांना तो विसरायचा असतो.

८ डिसेंबर

आज लीलावतीची रीत. मला स्वतःला या प्रकल्पातला सगळ्यात सुंदर भाग हाच वाटतो.

दोनाचा तिसावा घात काढायचा तर दोनापासून २९ वेळा दुप्पट करावी लागेल. भास्कराचार्य तसं करत नाहीत. पदांची संख्या, त्यांच्या भाषेत गच्छ, ३०. सम असेल तर अर्धी करा आणि बाजूला ‘वर्ग’ लिहा. विषम असेल तर एक कमी करा आणि ‘गुण’ लिहा. शून्यापर्यंत उतरत जा.

३०, सम: १५, वर्ग. १५, विषम: १४, गुण. १४: ७, वर्ग. ७: ६, गुण. ६: ३, वर्ग. ३: २, गुण. २: १, वर्ग. १: ०, गुण.

आता खालून वर चढायचं. गुण: २. वर्ग: ४. गुण: ८. वर्ग: ६४. गुण: १२८. वर्ग: १६,३८४. गुण: ३२,७६८. वर्ग: १,०७,३७,४१,८२४. आठ पायऱ्यांत तिसावा घात! शेवटचा वर्ग हाताने करताना फळा अपुरा पडला, पण दोन मुलांनी वेगवेगळा करून जुळवला. मग यातून एक वजा करा, गुणोत्तरातून एक वजा करून त्याने भागा (२ − १ = १, म्हणजे भागायला काही नाहीच), आणि पहिल्या पदाने, दोनने, गुणा. २,१४,७४,८३,६४६ कवड्या.

रीत चालते का, हे मुलांना पटवायला फार वेळ गेला नाही. तिसावा घात हा पंधराव्याचा वर्ग, पंधरावा हा चौदाव्याच्या दुप्पट. बस. मोठमोठे घात काढायला संगणकात आजही हीच रीत वापरतात. गुप्त संदेश पाठवण्याच्या काही पद्धतींत शेकडो अंकी संख्यांचे असे घात लागतात, आणि तिथे एकेक गुणाकार करत बसलं तर जन्म पुरणार नाही.

निष्कांत उत्तर: १,०४,८५७ निष्क, ९ द्रम्म, ९ पण, २ काकिणी, ६ वराटक. लीलावतीतलं उत्तरही हेच. वर्गात टाळ्या झाल्या, ज्या मला अजिबात अपेक्षित नव्हत्या.

१० डिसेंबर

काल गटाला तक्ता करायला दिला होता: प्रत्येक दिवसाअखेर एकूण दान निष्क-द्रम्म-पण-काकिणी-वराटकांत. कंटाळवाणं काम. त्यातून आज जे निघालं ते मी कुठेही वाचलेलं नव्हतं.

तक्ता भरणाऱ्या मुलाने तक्रार केली की आपण चुकून त्याच ओळी पुन्हा लिहितोय. चौदाव्या दिवसाअखेर: १ निष्क, ९ द्रम्म, ९ पण, २ काकिणी, ६ वराटक. अठराव्या दिवसाअखेर: २५ निष्क, ९ द्रम्म, ९ पण, २ काकिणी, ६ वराटक. बाविसाव्या: ४०९ निष्क, पुढे तेच. सव्विसाव्या: ६,५५३ निष्क, पुढे तेच. तिसाव्या: १,०४,८५७ निष्क, पुढे तेच!

सगळं पुन्हा तपासलं. चूक नाही. मग कारण शोधायला बसलो. नेहमीचे दोन उसने वराटक आधी मिळवून घेतले. चौदाव्या दिवसाचे ३२,७६६ अधिक २ म्हणजे ३२,७६८. त्याला २०,४८० ने भागलं तर बरोबर १.६ निष्क. चार दिवसांत चार दुपटी, म्हणजे सोळापट. १.६ ची सोळापट २५.६. त्याची सोळापट ४०९.६. मग ६,५५३.६. मग १,०४,८५७.६. सोळाने गुणताना शेवटच्या ६ चे ९६ होतात, सहा सहाच राहतो. म्हणून दर चार दिवसांनी मागचा ०.६ निष्क तसाच शिल्लक, आणि त्यातून दोन कवड्या वजा: ९ द्रम्म, ९ पण, २ काकिणी, ६ वराटक.

मुलं म्हणाली, भास्कराचार्यांनी मुद्दाम ३० घेतले असतील. मला तसं वाटत नाही, महिन्याचे दिवस तेवढे म्हणून घेतले. पण निरीक्षण मुलांचं आहे, आणि ते तक्त्यावर त्यांच्या गटाच्या नावाने जाईल.

११ डिसेंबर

तक्ता कार्डशीटवर. १४, १८, २२, २६, ३० या ओळी लाल शाईत. बाकी काही नाही.

१५ डिसेंबर

शाळेचे क्लार्क काका म्हणाले, एवढी दुप्पट कुठे होते हो, आमची पोस्टातली तर होता होत नाही. म्हणून एक छोटा तक्ता त्यांच्यासाठी. किसान विकास पत्राचा सध्याचा दर ७.५ टक्के, रक्कम दुप्पट व्हायला ११५ महिने. बहात्तरचा ठोकताळा लावला तर ७२ ÷ ७.५ = ९.६ वर्षं, म्हणजे ११५ महिनेच. दात्याला एका दिवसात जी दुप्पट करायची होती तिला पोस्टात साडेनऊ वर्षांहून जास्त लागतात, वाढीची जात मात्र एकच. तीस दुपटी व्हायला ३,४५० महिने, म्हणजे दोनशे साडेसत्त्याऐंशी वर्षं. थोरल्या बाजीरावांनी भोपाळच्या लढाईनंतर एक रुपया या दराने ठेवला असता तर आता कुठे त्याचे शंभर कोटींच्या वर झाले असते. काकांनी हे ऐकून “मग माझ्या पेन्शनला उपयोग नाही” एवढंच म्हटलं.

१७ डिसेंबर

संगणक कक्ष. तिथल्या जुन्या यंत्रांवर अजून टर्बो सी आहे, सी भाषेतले प्रोग्रॅम चालवण्याचं जुनं सॉफ्टवेअर. दहावीच्या एका मुलाने प्रोग्रॅम लिहिला: रोजचं दान दुप्पट, एकूणात मिळव, छाप. चौदाव्या दिवसापर्यंत छान: ३२,७६६. पंधराव्या दिवशी पडद्यावर −२. सोळाव्या दिवशी −२. सतराव्या दिवशी −२. तिसाव्यापर्यंत सगळीकडे −२.

टर्बो सीमधला साधा पूर्णांक १६ बिटांचा, म्हणजे ० किंवा १ लिहायच्या सोळा घरांचा, त्याची कमाल ३२,७६७. चौदाव्या दिवसाची बेरीज त्याच्या खाली जेमतेम एकने बसते. पुढे दोनाचा सोळावा घात त्याच्या दृष्टीने शून्यच, त्यामुळे ‘सोळावा घात वजा दोन’ यातलं फक्त ‘वजा दोन’ उरतं. त्यानंतरचं रोजचं दान यंत्राला शून्य दिसतं, म्हणून एकूण जागचं हलत नाही.

पूर्णांक ३२ बिटांचा घेतला की प्रोग्रॅम तिसाव्या दिवसापर्यंत जातो. तिथली कमाल २,१४,७४,८३,६४७, आणि आमचं उत्तर २,१४,७४,८३,६४६. पुन्हा एकनेच बसलं. एकतिसाव्या दिवशी परत −२. ही कमाल संख्या मूळ संख्या आहे, हे ऑयलरने १७७२ मध्ये दाखवलं होतं. आणि हीच मर्यादा काही जुन्या संगणकांच्या घड्याळांना आडवी येणार आहे: १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटांत मोजणारी घड्याळं १९ जानेवारी २०३८ रोजी सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी (आपल्या वेळेनुसार) भरून जातील. ही तारीख मुलांनी लगेच वहीत टिपून घेतली. तेव्हा ती पंचविशी ओलांडलेली असतील.

प्रोग्रॅम दुरुस्त करायचा नाही. −२ दाखवणारं यंत्र तसंच टेबलावर ठेवायचं.

१९ डिसेंबर

शेवटचा तक्ता: दात्याकडे १ लाख निष्क असतील तर त्याला अडचण कधी कळेल? विसाव्या दिवसाअखेर त्याचे १०२ निष्क आणि वर काही द्रम्म गेलेले. हजारातला एक. पंचविसाव्या दिवसाअखेर ३,२७६. अजून काही वाटत नाही. एकोणतिसाव्या रात्री ५२,४२८ गेले, तिजोरीत ४७,५७१ शिल्लक, जवळजवळ निम्मी. सकाळी द्यायचे आहेत ५२,४२८ आणि वर काही द्रम्म. बुडाला.

मग मुलांनी त्याला दोन लाख दिले. तो तिसावा दिवस काढतो आणि एकतिसाव्याला बुडतो. संपत्ती दुप्पट, मुदत एक दिवसाने वाढली. चार लाख दिले तर आणखी एक दिवस. जीवशास्त्राच्या मॅडम म्हणाल्या, जिवाणूंचंही असंच, म्हणून त्यांची वाढ अन्न संपेपर्यंतच अशी चालते. त्यांच्या आलेखात पुढे रेघ आडवी होते. ती आडवी रेघ आमच्या विषयात बसत नाही, पण एका चिठ्ठीवर लिहून लावली.

२२ डिसेंबर

प्रदर्शन. पट्टीपाशी गर्दी रिकाम्या खणांवर झाली, अपेक्षेप्रमाणे. अंदाजाच्या वहीत बहुतेकांनी महिन्याचं उत्तर काही हजार कवड्या लिहिलं. एका आजींनी मात्र “लई होत्यात, पोरा, लिहू नको” असं सांगितलं, वहीत तेच लिहून घेतलं.

एका पालकाने विचारलं, महिना ३१ चा असेल तर? मुलांनी पाठीमागे करून दिलं: २,०९,७१५ निष्क, ३ द्रम्म, ३ पण, ० काकिणी, १४ वराटक. मग त्या गृहस्थांना संगणकावर नेऊन −२ दाखवलं. त्यांना ते पटवून द्यायला एका मुलीला बराच वेळ लागला, पण तिने चिंचोके ओतूनच दाखवलं. मी मध्ये पडलो नाही.

शिपाई मामांनी संध्याकाळी चिंचोके गोळा करताना विचारलं, हे आता परत करायचे का? ज्यांचे होते त्यांना कसे ओळखणार. सगळे एका पोत्यात भरून प्रयोगशाळेत ठेवले.

२६ डिसेंबर

पुढच्या वर्षीसाठी. लीलावतीत कवड्यांच्या गणितापाठोपाठ याच गुण-वर्गाच्या रीतीने वृत्तं मोजली आहेत. अनुष्टुभाच्या चरणात आठ अक्षरं, चारही चरण सारखे असलेली समवृत्तं २५६. अर्धसम वृत्तं (पहिल्यासारखा तिसरा, दुसऱ्यासारखा चौथा चरण) २५६ चा वर्ग वजा २५६, म्हणजे ६५,२८०. विषम वृत्तं (या दोन्हींत न बसणारी) ६५,५३६ चा वर्ग वजा ६५,५३६, म्हणजे ४,२९,४९,०१,७६०. संस्कृतच्या मॅडमनी वजाबाकी कशाला असं विचारलं आहे. पहिला-दुसरा चरण मोकळे सोडले तर जोड्या २५६ × २५६. त्यांत दोन्ही चरण सारखे निघालेल्या २५६ जोड्या समवृत्तांत आधीच मोजल्या, त्या काढायच्या. विषमात तसंच एक पायरी वर. हे चिंचोक्यांवर दाखवता येईल का ते पाहायचं आहे. दोन रंगांचे लागतील, लघूला एक आणि गुरूला एक. गुंजा चालतील, पण त्या विषारी, लहान मुलांच्या हाती नकोत. कुंकवाच्या पाण्यात अर्धे चिंचोके रंगवून पाहू.